हात राखून काम का होते?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत व्यवस्थापनशास्त्रातील जुन्या विचारांवर आलेला लेख आवडीने वाचला. अमेरिकन अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी कामगाराला यंत्र मानले आणि मानसशास्त्राचे अभ्यासक एल्टन मेयो यांनी त्याला पुन्हा माणूस म्हणून पाहिले, अशी त्याची मांडणी आहे. व्यवस्थापनाच्या वर्गांतही ती अशीच शिकवली जाते आणि परीक्षेपुरती ती चालूनही जाते. मात्र टेलर यांचे लेखन आणि मेयो यांचे नाव ज्यांच्याशी जोडले जाते त्या अमेरिकेतील हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोगांचा तपशील शेजारी ठेवून वाचला, तर एकमेकांचे विरोधक म्हणून उभ्या केलेल्या या दोन्ही बाजूंना एकच गोष्ट दिसली होती, हे लक्षात येते. कामगार हात राखून काम करतो आणि त्याला तसे करण्याचे कारण असते, ही ती गोष्ट. आपल्या लेखात तिचा उल्लेख नसल्याने हे पत्र लिहीत आहे.

टेलर 1878 मध्ये फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टील कंपनीत मजूर म्हणून लागले, लेथवर काम करू लागले आणि पुढे मुकादम झाले. मुकादम होण्याआधी ते त्याच कामगारांमध्ये वावरत असल्यामुळे आतली गोष्ट त्यांना ठाऊक होती: दिवसाला किती काम करायचे हे कामगारांनी आपापसांत ठरवून घेतले होते आणि ते प्रमाण शक्य असलेल्या कामाच्या साधारण एक तृतीयांश होते. हे प्रमाण वाढवण्यासाठी त्यांनी सुमारे तीन वर्षे आपल्याच माणसांशी झगडा केला. त्या झगड्याची आठवण त्यांनी पुढे कडवटपणे सांगितली आहे, पण दोष मात्र कामगारांच्या आळसावर ढकलला नाही. नगामागे मजुरी मिळणारा कामगार जास्त नग काढून जास्त कमावू लागला की मालक दर कापतो, आणि असे दोन-तीनदा झाले की मालकाची बाजू समजून घेण्याची इच्छाच त्या माणसात उरत नाही, असे त्यांनी 1911 च्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’ या पुस्तकात लिहिले आहे. घड्याळ लावून कामाचे मोजमाप करण्याचा त्यांचा आग्रह याच अनुभवातून आला. दिवसभराचे योग्य काम किती, हे एकदा शास्त्रशुद्ध मोजले की त्यावर ठरलेला दर पुन्हा कापायचा नाही, ही त्या योजनेची अट होती. मालकांनी घड्याळ उचलले आणि अट मात्र सोडून दिली. टेलर यांच्या पद्धतीत कामगाराच्या स्वतःच्या विचाराला जागा नव्हती, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही त्यांचे निदान अचूक होते.

आता हॉथॉर्नकडे येतो. शिकागोलगतच्या सिसेरो येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या या कारखान्यात 1924 ते 1932 या काळात प्रयोग झाले. त्यांतला रिले (टेलिफोन यंत्रणेतील विजेचे स्विच) जुळणाऱ्या पाच तरुणींचा प्रयोग सर्वांना माहीत असतो. त्यांच्याकडे लक्ष दिले गेले म्हणून त्यांचे उत्पादन वाढले, असे त्याचे सार सांगितले जाते. त्या पाचपैकी दोघींना 1928 च्या सुरुवातीला बदलून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या, हे फारसे सांगितले जात नाही. पण त्याहून महत्त्वाची आहे ती नोव्हेंबर 1931 ते मे 1932 या काळात चाललेली ‘बँक वायरिंग’ खोली (बँक म्हणजे इथे जोडण्यांचा संच). तिथे नऊ जण टेलिफोन एक्सचेंजच्या उपकरणांना तारा जोडत, तिघे सोल्डरिंग करत आणि दोघे तपासनीस होते. असे चौदा पुरुष खोलीत काम करत आणि अभ्यासकांचा निरीक्षक त्याच खोलीत बसून सारे टिपून ठेवत असे. लक्ष दिल्याने उत्पादन वाढत असेल, तर ते इथेही वाढायला हवे होते. कंपनीचे प्रमाण दिवसाला 7,312 जोडण्यांचे होते, तर या माणसांच्या मते 6,000 ते 6,600 जोडण्या हे दिवसाचे पुरेसे काम होते. तेवढे झाले की हात मंदावत.

जो वेगाने काम करी त्याला ‘स्पीड किंग’ किंवा ‘गुलाम’ म्हणून हिणवत, आणि तेवढ्याने भागले नाही तर शेजारचा त्याच्या दंडावर एक ठोसा लगावी. एखाद्या दिवशी जास्त काम झालेच, तर ते सगळे त्याच दिवशी सांगितले जात नसे. मंद दिवसासाठी काही मागे ठेवले जाई, म्हणून कागदावरचे उत्पादन रोज जवळजवळ सारखे दिसे. हस्तकौशल्याच्या आणि बुद्धिमत्तेच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा त्यांचा कोण किती काम काढतो याच्याशी मेळच बसला नाही. कुवतीचा प्रश्न नव्हता, हे त्यावरून स्पष्ट होते.

असे का करता, या प्रश्नावर उत्तर ठरलेले होते: जास्त काम दाखवले तर दर कापतील, नाही तर आमच्यातल्या कुणाला तरी कमी करतील. असा अनुभव या माणसांना प्रत्यक्ष आलेला नव्हता, म्हणून त्यांच्या वागण्यामागे आर्थिक हिशेब नसून गटाच्या भावना आहेत, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. मला तो पटत नाही. ते मंदीचे दिवस होते, कारखान्यातून माणसे कमी होत होती, आणि ही खोली बंद करावी लागली तीही काम उरले नाही म्हणूनच. शेजारच्याची नोकरी जाताना पाहणाऱ्या माणसाने सावध राहायला स्वतःचा दर कापला जाण्याची वाट पाहायची नसते.

हे पुन्हाही दिसले. शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉय 1944-45 मध्ये एका यंत्रशाळेत स्वतः ड्रिल मशीनवर कामाला राहिले. ताशी सव्वा डॉलरच्या वर कमाई गेली की कामाचे पुन्हा मोजमाप होईल, अशी तिथल्या कामगारांची खात्री होती आणि ती मर्यादा गाठली की उरलेला वेळ ते रिकामे घालवत.

माझा स्वतःचा अनुभव अगदी लहान आहे, पण मी हे विसरू शकत नाही. अर्जांची छाननी करणारा एक विभाग माझ्याकडे होता. एका तिमाहीत कर्मचाऱ्यांनी नेहमीपेक्षा बरीच जास्त प्रकरणे निकाली काढली. मी त्यांचे मनापासून कौतुक केले आणि पुढच्या तिमाहीचे उद्दिष्ट त्याच आकड्यावर ठरवले. त्यानंतर तो आकडा कुणीही ओलांडला नाही. काही महिन्यांनी एका सहकाऱ्याच्या टेबलाचा खण उघडला, तेव्हा पूर्ण तपासलेली, सही झालेली प्रकरणे त्यात सुतळीने बांधून ठेवलेली होती. वर चिठ्ठी होती, ‘सोमवार’. मी रागावलो. बँक वायरिंग खोलीचे वर्णन त्यानंतर माझ्या वाचनात आले आणि राग कुणावर यायला हवा होता, हे मला तेव्हा कळले.

उपाय सापडलेच नाहीत असे नाही. अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या लिंकन इलेक्ट्रिक कंपनीत नगावरच्या मजुरीची पद्धत अनेक दशके टिकली. कामाची पद्धत किंवा यंत्र बदलल्याशिवाय दर बदलायचा नाही, केवळ एखादा कामगार खूप कमावतो म्हणून तर नाहीच, असा तिथे नियम होता. जोडीला 1934 पासून वार्षिक बोनस आणि 1958 पासून नोकरीची हमी होती. न्यू जर्सी बेल टेलिफोनचे अध्यक्ष राहिलेले चेस्टर बर्नार्ड यांनी 1938 मध्ये लिहिले की, आदेशाचा अधिकार तो देणाऱ्याकडे नसतो. ज्याला आदेश मिळतो त्याच्या स्वीकारण्यात तो असतो. उद्दिष्टालाही हे लागू पडते, आणि पुढच्या वेळी ते वाढणार नाही याची खात्री नसलेला माणूस ते वरवरच स्वीकारतो.

आज प्रत्येकाच्या कामाचा आकडा दर तासाला पडद्यावर दिसतो, त्यामुळे हा प्रश्न मिटला असे मानणाऱ्या व्यवस्थापकांना माझी विनंती आहे की, उद्दिष्ट कोणत्या कारणाने बदलेल आणि कोणत्या कारणाने बदलणार नाही, हे त्यांनी आपल्या माणसांना आधी लेखी द्यावे. प्राध्यापकांनीही हॉथॉर्न शिकवताना त्या पाच तरुणींवर थांबू नये. या चौदा पुरुषांचा धडा टेलर यांच्या धड्याला जोडूनच घ्यावा. मी स्वतः उद्दिष्ट वर्षभर न बदलण्याची लेखी हमी वरिष्ठांकडे मागितली होती. ती मिळाली नाही, त्यामुळे माझ्या सहकाऱ्यांना मला ती देता आली नाही, आणि खणातली प्रकरणे सोमवारचीच वाट पाहत राहिली.

आपला,
एक निवृत्त विभागप्रमुख