मोजदाद नवऱ्यांची, विसर आडनावाचा

महोदय,

टेलर जेनकिन्स रीड यांच्या ‘द सेव्हन हजबंड्स ऑफ एव्हलिन ह्युगो’ (२०१७) या इंग्रजी कादंबरीचे आपल्या रविवार पुरवणीतील परीक्षण वाचले. त्याचा तीन चतुर्थांश भाग नटीच्या सात नवऱ्यांच्या हकिकतींत खर्ची पडला आहे. कादंबरीत मधूनमधून येणारी गॉसिप सदरांची कात्रणे नेमकी याच मोजदादीत रमतात आणि लेखिकेने ती घातली आहेत, ती त्यांचा उथळपणा उघडा पडावा म्हणून; तरीही परीक्षक त्याच वाटेने गेले, याचे नवल वाटते.

एव्हलिनचे मूळ आडनाव हेरेरा. क्युबातून आलेल्या कुटुंबातली, न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीत वाढलेली ही मुलगी हॉलीवूडमध्ये शिरते, तेव्हा तिचे केस सोनेरी होतात, आडनाव बदलते आणि स्पॅनिश भाषा जिभेवरून उतरते. हे सारे कल्पित म्हणून सोडून देता येत नाही, कारण मार्गारिता कान्सिनो या मुलीची हॉलीवूडची नटी रिटा हेवर्थ झाली, तेव्हा नावाबरोबर तिच्या कपाळावरची केसांची रेषाही मागे हटवण्यात आली होती. आम्हा कोकणवासीयांना ही गोष्ट जास्त लागते. आमच्याकडे आडनाव म्हणजे बहुधा गावाचा पत्ताच असतो. मराठी चित्रपटांतल्या अभिनेत्री हंसा वाडकर मूळच्या रतन साळगावकर, हे त्यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रामुळे ठाऊक होते, पण साळगाव आमच्याच कुडाळ तालुक्यात असूनही त्या बदललेल्या आडनावापाशी मी आजवर कधी थबकलो नव्हतो. आमचा दशावतारी, म्हणजे कोकणातल्या दशावतार या लोकनाट्यातला नट, ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असा असला, तरी सकाळी रंग पुसल्यावर अख्खा गाव त्याला मूळ नावाने हाक मारतो. एव्हलिनला ती हाक मारणारे कोणी उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अभिनेत्री सेलिया सेंट जेम्स हे एव्हलिनच्या आयुष्यातले सर्वांत मोठे प्रेम. परीक्षणात मात्र ती ‘मैत्रीण’ म्हणून एका ओळीत आटोपली आहे. निर्माता हॅरी कॅमेरॉनशी एव्हलिनचा झालेला विवाह दोघांच्याही खऱ्या प्रेमावर घातलेले पांघरूण होते, हे त्यामुळे वाचकाला कळतच नाही. मुलाखत घेणारी मोनिक तिला समलिंगी ठरवून मोकळी होते, तेव्हा एव्हलिन तिला अडवते, कारण पहिल्यावहिल्या काळात डॉन अॅडलरवर केलेले प्रेमही तिला नाकारायचे नसते. माझ्या मते कादंबरीतला हा सर्वांत प्रामाणिक प्रसंग आहे. (मोनिकचे स्वतःचे कथानक मला ओढूनताणून जुळवलेले वाटले आणि दोन-तीन नवरे तर पुठ्ठ्याचेच आहेत; त्याबद्दल परीक्षकांनी दोन शब्द लिहायला हवे होते.)

प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असे सांगणारा कलम ३७७ संबंधीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ रोजी लागला. त्यानंतर इतक्या वर्षांनीही एका मराठी परीक्षणाला ‘प्रेयसी’ हा शब्द जड जावा, हे मला पटत नाही. पुढील पुरवणीत निदान त्या एका शब्दाची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कुडाळ (जि. सिंधुदुर्ग)