हरणाऱ्याचं काय?

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला राजकीय ध्रुवीकरणावरचा लेख वाचला. कळकळीने लिहिलाय, पण उपाय म्हणून शेवटी 'संवाद वाढवा' एवढंच हाती लागतं. आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 2014 पासून संवाद वाढतोच आहे. परिणाम असा की गौरी-गणपतीला पूर्वी एका घरी जमणारी मंडळी आता दोन घरी जमतात आणि उकडीचे मोदक वळायला मला दोन्हीकडे जावं लागतं.

माझ्या मते मतं जुळण्यावर काही अडलेलं नाही. ती कधी जुळली होती? दुफळी विकोपाला जाते ती हरणं परवडेनासं होतं तेव्हा. या वेळी हरलो तर संपलोच, असं दोन्ही बाजूंना वाटायला लागलं की कालचा विरोधक वैरी होतो. आणि दुफळी ओसरते तीही हरलेल्याला पुढची खेप दिसू लागली की.

मी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे, म्हणजे निवडणुकीची ड्युटी पाचवीला पुजलेली. 20 मे 2024 ला लोकसभेच्या मतदानाला वागळे इस्टेटमधल्या एका केंद्रावर होते. सकाळी मतदान सुरू होण्याआधी मॉक पोल असतो: उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान 50 मतं टाकायची, मोजून दाखवायची, मशीन कोरं करायचं आणि सीलवर त्यांच्या सह्या घ्यायच्या. आमच्या बाकावर एका टोकाला धनुष्यबाणाचा एजंट, दुसऱ्या टोकाला मशालीचा. दोन वर्षांपूर्वी दोघंही एकाच शाखेत बसायचे, हे त्यांच्या न बोलण्यावरूनच कळत होतं. पेन मात्र एकाकडेच होतं. नऊच्या सुमारास पेन बाकाच्या मध्यावर आलं, अकराला वडापाव. दुपारी एक आजी आल्या. यादीत आडनाव एका तऱ्हेने, ओळखपत्रावर दुसऱ्या. मशालीचा एजंट हरकत घ्यायच्या बेतात होता (दोन रुपये भरून मतदाराच्या ओळखीला आव्हान देता येतं), तेवढ्यात धनुष्यबाणाचा म्हणाला, "अरे, या टाकीजवळच्या आजी. आपला बॉल घरात गेला की परत द्यायच्या नाहीत, त्या." दोघंही हसले. आजींनी मत दिलं. कुणाला, ते दोघांनाही ठाऊक नाही.

संध्याकाळी एकूण मतदानाच्या हिशेबाचा 17-सी नमुना भरला. दोघांनी सह्या केल्या, आपापली प्रत घडी घालून खिशात ठेवली. केंद्रात त्यांना मोबाइल आणता येत नाही, त्यामुळे दिवसभर करमणूक म्हणूनही बोलले असतील, ते मी नाकारत नाही. बाहेर दोनशे मीटरपलीकडे त्यांच्याच पक्षांच्या टेबलांवरची माणसं एकमेकांकडे बघायलाही तयार नव्हती.

त्या सहीला मी फार मानते. पडण्याची शक्यता असलेला माणूसही तो आकडा मान्य करतो, कारण वर्ष संपायच्या आत विधानसभा येणार हे त्याला माहीत असतं. 1977 ला इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत पडल्या, पंतप्रधानपद सोडलं आणि 1980 च्या जानेवारीत परत आल्या. आणीबाणी लादणाऱ्या बाईंनाही परतीची वाट होती आणि ती मतपेटीतूनच जात होती.

परदेशातलं उदाहरण द्यायचं तर उत्तर आयर्लंडचं देईन. 2011 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या 18 लाखांवर भरली, त्याच वर्षी आपल्या ठाणे शहराचीही तेवढीच. एवढ्याशा मुलखाच्या भांडणात तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. 10 एप्रिल 1998 ला करार झाला, पण मूळ मुद्द्यावरचं मत कुणी बदललं नाही. एका बाजूला ब्रिटनमध्ये राहायचंय, दुसरीला आयर्लंडमध्ये जायचंय, आजही. हरण्याची किंमत मात्र करारानं उतरवली. मंत्रिपदं जागांच्या प्रमाणात वाटायची. वरची दोन पदं दोन गटांकडे, अधिकार सारखे, एकाने खुर्ची सोडली की दुसऱ्याचीही जाते. आयर्लंडमध्ये जायचं की नाही हे बहुमत कौल देईल तसं. म्हणजे आज हरलेल्याला उद्याचा रस्ता खुला. 1985 ला बेलफास्टच्या सभेत 'कधीच नाही' असं लागोपाठ गरजलेले, ब्रिटनमध्येच राहायचं म्हणणाऱ्यांचे नेते इयन पेस्ली 2007 ला आयआरए या आयर्लंडवाद्यांच्या सशस्त्र संघटनेचे एकेकाळचे कमांडर मार्टिन मॅगिनस यांच्या शेजारी सत्तेत बसले. फोटोत दोघं इतके हसायचे की त्यावरून त्यांना टोपणनाव पडलं. तरी बेलफास्टमध्ये दोन वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्या आहेत, बहुतेक मुलं वेगवेगळ्या शाळांत जातात आणि 2017 ते 2020 अशी तीन वर्षं सरकारच बंद होतं. भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. मुडदे पडायचे जवळपास थांबले, एवढं खरं.

आपल्याकडचं उदाहरण याहून जुनं आहे आणि त्यात पायताण आहे. 1907 च्या डिसेंबरात सुरतेच्या काँग्रेसमध्ये टिळक बोलायला व्यासपीठावर गेले आणि रण माजलं. कुणीतरी भिरकावलेला दख्खनी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर जाऊन आदळला. जोड्याची गोष्ट सगळे चवीने सांगतात, पुढची कुणी सांगत नाही. नेमस्तांनी मग काँग्रेसची घटना अशी बांधली की जहालांना प्रतिनिधी म्हणून निवडून येणंच दुरापास्त व्हावं. सुरतेत हरलेल्याला पुढच्या खेपेची सोयच ठेवली नाही. टिळक मंडालेला गेले, सहा वर्षांनी सुटून आले, तरी दार बंदच. 1915 च्या फेब्रुवारीत गोखले गेले तेव्हा टिळकांनी स्मशानात त्यांना भारताचा हिरा म्हटलं. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या अधिवेशनात घटनेतली ती अट सैल केली गेली आणि 1916 ला लखनौला टिळक पुन्हा काँग्रेसमध्ये दिसले. आपली व्याख्यानं याचं श्रेय मनाच्या मोठेपणाला देतात. मी अट सैल करणाऱ्या ठरावाला देते. शाळामास्तरीण असल्याचा परिणाम म्हणा हवं तर. त्यालाही नऊ वर्षं लागलीच.

मात्र हरणं परवडावं म्हणून हरणंच काढून टाकलं तर तेही अंगाशी येतं. कोलंबियात 1948 नंतरची दहा वर्षं लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षांच्या लोकांनी एकमेकांच्या कत्तली केल्या. 1958 पासून त्यांनी तह पाळला: सोळा वर्षं राष्ट्राध्यक्षपद आलटूनपालटून, बाकी जागा निम्म्या-निम्म्या. त्या दोघांतली मारामारी थांबली. पण जे या दोघांतले नव्हते त्यांना आत शिरायला फटही नव्हती. 1964 ला जंगलात फार्क ही बंडखोरांची सशस्त्र संघटना उभी राहिली आणि पुढची पन्नास वर्षं देशाला त्याचे भोग भोगावे लागले. सगळेच एका पंगतीला बसले तर मतदाराने पाडायचं कुणाला? महाराष्ट्रात 2019 पासून पंगतीतली पानं कशी फिरली ते आपण छापत आला आहात, मी वेगळं काय सांगू.

आता आपल्या गावचं. ठाणे महापालिकेची निवडणूक 2017 च्या फेब्रुवारीत झाली, मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि नंतरचं मतदान थेट 15 जानेवारी 2026 ला. मधली पावणेचार वर्षं प्रशासक. नेमकी हीच वर्षं पक्ष फुटण्याची, चिन्हं वाटली जाण्याची. घोडबंदरला टँकर का येतात, याचा जाब विचारायला नगरसेवक नव्हता. मग पाण्यावरून एका बाजूला आली असती ती माणसं रात्री टीव्हीवरचं भांडण घरी आणून भांडत बसली. दिल्लीत हरलेल्याला मुंबईत जिंकता यावं, मुंबईत हरलेल्याला निदान प्रभागात. जिंकायच्या जागा जितक्या जास्त, तितकं एकेक हरणं हलकं. आपण त्यातली अगदी दाराजवळचीच जागा चार वर्षं कुलुपात ठेवली होती.

जानेवारीत मी पुन्हा ड्युटीवर होते. 33 प्रभाग, 131 जागा, एक प्रभाग सोडला तर प्रत्येक मतदाराला चार मतं. प्रचारात सगळ्यांचं एकच टुमणं: पॅनेल टू पॅनेल. एक काका बोटाला शाई लावून घेता घेता मला विचारतात, "मॅडम, चारही एकाच पक्षाला द्यावी लागतात का?" मी म्हटलं, "अजिबात नाही." "मग झकास," म्हणाले आणि आत इतका वेळ लावला की रांगेतून ओरडा सुरू झाला.

म्हणून आपल्याकडे एकच मागणं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आपण गुलालात माखलेले विजयी चेहरे छापता. पुढच्या वेळी एक पान दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांनाही द्या: त्यांना किती मतं पडली, आता प्रभागातलं कोणतं काम लावून धरणार, भेटणार कुठे. निकालानंतरच्या आठवड्यात मी पाणीपट्टीच्या कामासाठी एका कचेरीत गेले होते. आमच्या भागात पडलेल्या एक बाई गटार तुंबल्याची तक्रार घेऊन रांगेत उभ्या होत्या. शिपायाने विचारलं, "तुम्ही कोण?" बाईंनी पर्स उघडली, कागद काढला आणि त्यांना मिळालेल्या मतांचा आकडा वाचून दाखवला.

आपली,
एक शिक्षिका
नौपाडा, ठाणे (पश्चिम)