फळ्यासमोरची भीती आणि डोक्यातला गोंधळ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शिक्षणाच्या चर्चेत मुलांच्या भावनांचा विषय निघाला की गाडी बहुतेक वेळा ‘मुलांना वर्गात आनंद वाटला पाहिजे’ इथेच येऊन थांबते. मग गाणी, खेळ, रंगीत तक्ते, प्रत्येक उत्तराला टाळ्या. यातल्या कशालाच माझा विरोध नाही. पण बरीच वर्षे गणित शिकवल्यावर मला वाटते, की वर्गातली सगळ्यात मोलाची भावना गोंधळ ही आहे, आणि नेमकी तीच आम्हा मोठ्यांना बघवत नाही.

पावला दोनाने भागायचे असते तेव्हा कुणाला काही वाटत नाही. अर्ध्याला पावने भागून उत्तर दोन आले की मात्र एखाद्या मुलीच्या कपाळावर आठी उमटते. भागाकार केला की संख्या लहान होते, असेच तिने आजवर पाहिलेले असते. मग ही मोठी कशी झाली? विचार सुरू झाला तो इथे. आणि याच वेळी आम्ही तत्परतेने सांगून टाकतो, ‘दुसरा अपूर्णांक उलटा कर आणि गुण.’ आठी जाते, तिच्याबरोबर प्रश्नही जातो.

सिडनी डिमेलो आणि आर्ट ग्रेसर या संशोधकांनी संगणकावर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या भावनांचा असाच माग घेतला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात दिसते ते असे: गोंधळ सुटला तर विद्यार्थी पुन्हा विषयात रमतो; सुटलाच नाही तर वैतागतो, आणि वैताग लांबला की कंटाळतो. पुढे त्यांनी विद्यार्थ्यांसमोर मुद्दाम परस्परविरोधी मते मांडून गोंधळ घडवून आणला. जे खरोखर गोंधळले, त्यांनी नंतरच्या काही चाचण्यांत सरस कामगिरी केली. म्हणजे शिक्षकाचे कसब गोंधळ टाळण्यात नाही, तो वैतागाकडे वळू लागतो ते वळण ओळखण्यात आहे. चाळीस-पन्नास चेहऱ्यांत ते ओळखणे सोपे नाही, हे कबूल.

भीतीचे मात्र वेगळे. गोंधळात डोके प्रश्नावर असते. भीतीत ते स्वतःवर येते. ‘घरी सगळे येते, फळ्यासमोर उभी राहिली की विसरते’ असे पालक सांगतात, ते खोटे नसते. अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवले, की गणिताची धास्ती असणारे लोक हातच्याच्या बेरजा करताना, त्याच वेळी डोक्यात आणखी काही धरून ठेवायला सांगितले तर, इतरांपेक्षा बरेच जास्त चुकतात. हातचा लक्षात ठेवायचा तो ज्या कार्यस्मृतीत, म्हणजे काम करताना गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, तिथली जागा काळजीने आधीच अडवलेली असते. अशा मुलीला ‘लक्ष कुठे आहे तुझे?’ असे ओरडून विचारणे म्हणजे उरलीसुरली जागाही काढून घेणे.

ही धास्ती कधीकधी आम्हा शिक्षकांकडूनच मुलांकडे जाते. मानसशास्त्रज्ञ शियान बायलॉक आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात पहिली-दुसरीच्या ज्या शिक्षिकांना स्वतःलाच गणिताची भीती होती, त्यांच्या वर्गातल्या मुली वर्षअखेरीस गणितात मागे पडलेल्या आढळल्या. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही. शिक्षिका म्हणून हे वाचताना जरा टोचलेच.

भावनांसाठी वेगळा तास ठेवावा, अशी सूचना हल्ली होते. त्याचा उपयोग नाही असे म्हणता येणार नाही. अशा २१३ शालेय कार्यक्रमांचा जो एकत्रित आढावा २०११ मध्ये निघाला, त्यात मुलांची अभ्यासातली प्रगतीही सुधारलेली दिसली. पण तो तास संपून गणिताचा सुरू झाला आणि चुकीच्या उत्तरावर वर्ग खदखदून हसला, तर आधीच्या तासाला काय अर्थ राहिला? सगळ्यांना सरसकट ‘शाब्बास’ म्हणण्यानेही काही साधत नाही. मुलांना फुकटची शाबासकी बरोबर कळते.

मला हवे आहे ते त्यामानाने स्वस्त आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, असे शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून मोजले होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरे लांबली, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. उत्तर चुकले की ‘चूक, पुढचा’ म्हणण्याऐवजी ‘हे कसे काढलेस?’ एवढे विचारावे, आणि बरोबर उत्तरालाही तेच विचारावे, म्हणजे त्या प्रश्नाची धास्ती राहत नाही. अर्थात अभ्यासक्रम संपवण्याची घाई डोक्यावर असताना शिक्षकाकडून हा धीर अपेक्षिणेही अन्यायाचेच. तेव्हा वर्ग तपासायला येणाऱ्यांनी किती धडे झाले हे विचारण्याआधी अर्धा तास मागच्या बाकावर बसावे आणि चुकलेल्या उत्तरानंतर वर्गात काय होते, त्याची नोंद करावी.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका