उलटतपास झाला नाही, याची नोंद वेळीच व्हावी

संपादक महोदय,

'माझ्या वकिलाने खटला नीट चालवलाच नाही,' अशी तक्रार घेऊन शिक्षा झालेला माणूस अपिलात जातो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात आधी शंकाच येते. हरल्यावर वकिलाला दोष देणारे पुष्कळ असतात. न्यायालयात लघुलेखक म्हणून अनेक वर्षे साक्षी उतरवून घेतल्या असल्याने ही शंका मला समजते. पण ही तक्रार काही वेळा अगदी खरी असते, हेही त्याच कामात कळले. सरतपास, म्हणजे सरकारी वकिलाने आपल्या साक्षीदाराला विचारलेले प्रश्न, चार पानांचा आणि त्याखाली एकच ओळ : 'आरोपीतर्फे उलटतपास नाही.' म्हणजे बचावाच्या वकिलाने त्या साक्षीदाराला एकही प्रश्न विचारला नाही. साक्षीला पंच असो, डॉक्टर असो की तपासी अंमलदार, ओळ तीच. आपल्या बाजूने आत्ता काय राहून गेले, हे आरोपीला अनेकदा कळतही नाही.

अपिलात मोठी अडचण अशी की, तिथे प्रामुख्याने खटल्याचे कागद बोलतात. वकील आरोपीला तुरुंगात भेटला होता का, कागदपत्रे त्याने कधी वाचली, बचावाचा साक्षीदार का बोलावला नाही, यातले त्या कागदांत सहसा काही नसते. शिवाय उलटतपास न घेणे हा विचारपूर्वक निर्णयही असू शकतो. निरुपद्रवी साक्षीदाराला छेडून नवे संकट ओढवून न घेणे यातही वकिली कौशल्य आहेच. त्यामुळे वरिष्ठ न्यायालये अशा तक्रारीकडे सावधपणे पाहतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये स्ट्रिकलँड खटल्यात दुहेरी कसोटी घालून दिली. वकिलाचे काम किमान दर्जालाही उतरले नाही, हे दाखवायचे आणि ते नीट झाले असते तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता होती, हेही दाखवायचे. पण जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याचे उत्तर काय आले असते हे कैदेतल्या माणसाने दाखवायचे कसे?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याची दखल घेतली आहे. आरोपीने मागितला नाही म्हणून त्याला मोफत वकील नाकारता येत नाही, असे १९८६ मध्येच स्पष्ट झाले. अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात न्यायमित्र (न्यायालयाने आरोपीच्या बचावासाठी दिलेले वकील) नेमले गेले त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि पंधरवड्याच्या आत फाशीची शिक्षा झाली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा खटल्यात किमान दहा वर्षे वकिली केलेलाच न्यायमित्र नेमावा आणि त्याला तयारीला साधारणपणे किमान सात दिवस द्यावेत, असेही बजावले. फेरसुनावणीत तो आरोपी २०२४ मध्ये निर्दोष सुटला. मधली सगळी वर्षे तुरुंगात गेली, ती कोणत्याच अपिलाने भरून निघत नाहीत.

खासगी वकील नेमलेल्याची गत आणखी वाईट. 'तुम्हीच निवडला होता,' असे त्याला ऐकावे लागते.

यावर 'नवा वकील आला की साक्षीदार पुन्हा बोलवा' हा सरसकट उपाय नव्हे. २०१५ मध्ये दिल्लीच्या एका बलात्कार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे नाकारले आणि मला ते पटते. पीडितेला तेच सगळे पुन्हा सांगायला लावणे क्रूर आहे. म्हणूनच चूक अपिलापर्यंत वाहत जाण्याआधी, खटला चालू असतानाच दिसायला हवी.

माझी मागणी साधी आहे. महत्त्वाच्या साक्षीचा उलटतपास झाला नाही, तर न्यायाधीशांनी आरोपीला त्याला कळेल अशा भाषेत तिथेच विचारावे : वकिलांशी भेट झाली होती का? साक्षीदाराला काही विचारायचे राहिले का? वकिलांशी काय बोलणे झाले, हे विचारू नये; ती त्या दोघांतली गोष्ट. मिळालेले उत्तर रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, लिहावे. आरोपीने हरकत घेतली, तर साक्षीदाराला मोकळे करण्यापूर्वी वकिलाला तयारीसाठी वेळ द्यावा किंवा गरज पडल्यास दुसरा वकील द्यावा. न्यायाधीशांना स्वतः प्रश्न विचारण्याचा अधिकार पूर्वीपासून आहे. आरोपीला कायदेशीर मदत मिळते की नाही हे पाहणे सरकारी वकिलाचेही कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये म्हटले आहे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको. उच्च न्यायालयांनी परिपत्रक काढले तरी सुरुवात होईल.

– एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक