इथून काय वाहतं?

आदरणीय काका,

गाडी दोन उन्हाळे न रुसता चालली, म्हणून आज हे पत्र. आधी लिहिलं असतं तर ते घाईचं झालं असतं.

तुमच्याकडे जुनी गाडी घेऊन आलो तेव्हा बदलायच्या नळ्या-सीलांची माझी यादी तयार होती. होज सिलिकॉनचे, सीलही सिलिकॉनची. 200 अंश सोसतं म्हटल्यावर आणखी काय बघायचं? तुम्ही यादीवरून बोट फिरवत प्रत्येक ओळीला एकच विचारत गेलात, "इथून काय वाहतं?" रेडिएटरच्या होजला सिलिकॉन राहू दिलंत. पेट्रोलच्या नळीवर मात्र काट मारलीत, कारण साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं आणि फाटतं. व्हॉल्व्हच्या सीलपुढे व्हायटॉन, म्हणजे तेल आणि उष्णता दोन्ही सोसणारं रबर, लिहिलंत आणि काढलेलं जुनं नायट्राइलचं सील माझ्या तळहातावर ठेवलंत. नखाने दाबलं तर टवका उडाला. शंभर-सव्वाशे अंशांत वर्षानुवर्षं भाजलेलं रबर असं होतं, हे त्या टवक्याने पटलं.

खरं दुखणं तर वेगळंच होतं. तापलेली गाडी दहा मिनिटं उभी केली की पुन्हा सुरूच होईना. मी कॉइल बदलून बसलो होतो, पंपही. तुम्ही पेट्रोलच्या नळीला हात लावलात आणि झटकन मागे घेतलात. नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळकांड्यापासून, जेमतेम दोन बोटं! इंजिन बंद झालं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि बिडातली धग वर कार्बोरेटरला चढते. पेट्रोलमधले हलके घटक चाळीसएक अंशांतच उकळतात, मग नळीत वाफच उरते. तुम्ही नळी लांबून वळवलीत, मध्ये पत्र्याचा आडोसा दिलात, कार्बोरेटरखाली फिनॉलिकचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक प्लास्टिकचा, जाड स्पेसर बसवलात. कार्बोरेटर वर सरकला म्हणून एअर फिल्टरवर ओल्या मातीचा गोळा ठेवून बॉनेट हळूच मिटलंत, उघडून चेपलेल्या गोळ्याची जाडी, म्हणजे उरलेली जागा, पाहिलीत. हे मला कधीच सुचलं नसतं.

एका गोष्टीवर मी मनातून चिडलो होतो, तेही सांगून टाकतो. जास्त दाबाची रेडिएटर कॅप तुम्ही लावू दिली नाहीत. दाब 1 पीएसआयने (हे दाबाचं माप) वाढला की पाणी उकळायचं तापमान दीडएक अंशाने वाढतं, हे मी वाचून आलो होतो. तुम्ही म्हणालात, "आणि हीटरचा जुना कोर?" हीटरमधला तो छोटा रेडिएटरही त्याच पाण्यावर, वाढलेल्या दाबाने तो फुटला असता. पुढे मी काही बोललो नाही.

काका, तुम्ही त्या दिवशी माझ्या चुकीच्या यादीला हसला नाहीत, याबद्दलही आभार.

पुढच्या महिन्यात गाडीतला, इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप खोलतोय. नवी यादी केली आहे, प्रत्येक ओळीपुढे काय वाहतं तेही लिहिलंय. फक्त डायफ्रॅमपुढे, म्हणजे पंपातल्या हलत्या रबरी पडद्यापुढे, अडलोय: त्याच्या एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला इंजिनच्या तेलाची वाफ. तेवढ्यासाठी येऊन जाईन म्हणतो.

तुमचा,
यादीवाला