सोलापुरातल्या होटगी रोडवरच्या त्या दोघांचे आभार

दीड वर्षात गाडीच्या टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) पॅकिंग तीनदा बदललं, तरी महिन्याभरात तेल पुन्हा पाझरायचं. सायलेन्सरच्या गरम पाइपवर थेंब पडला की जळका वास थेट गाडीत. मागे लेकरं बसलेली, त्यामुळे आगीची धास्ती कायम. आधीच्या गॅरेजात दरवेळी एकच उपाय: बोल्ट अजून आवळा.

परवा भर उन्हात होटगी रोडला गाडी कडेला घेतली, तेव्हा शेजारच्या छोट्या गॅरेजातले वयस्कर मिस्त्री आणि त्यांच्या हाताखालचा पोरगा आपणहून आले. मिस्त्रींनी आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साचणारा वायू बाहेर सोडणारी छोटी झडप) काढून कानाशी हलवला. चांगला असता तर आतून वाजला असता, पण खडखड नाही! काजळीनं चोंदलेला. इंजिनातला दाब बाहेर पडायला वाटच नव्हती, म्हणून तो पॅकिंगमधून तेल ढकलत होता. मग कव्हरवर स्टीलची पट्टी आडवी धरून फट दाखवली; जास्त आवळून ते वाकलं होतं.

नवा व्हॉल्व्ह, नवं कव्हर, नवं पॅकिंग. पोरानं हेडची, म्हणजे कव्हर ज्यावर बसतं त्या भागाची, कड जुनं सिलिकॉन राहू न देता पुसली, अगदी नखानं चाचपून. सिलिकॉन फक्त कोपऱ्यांच्या सांध्यांना. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, किती जोर लागला ते मोजणाऱ्या टॉर्क पान्यानं.

नावं विचारायची राहिली. पोराचा हात इंजिनालगतच्या मॅनिफोल्डच्या गरम पाइपला भाजला होता, तरी तो थांबला नाही. दादा, काका, मनापासून आभार. काल तुळजापूरला जाऊन आलो, कव्हर कोरडं आहे.