कुलमुखत्यारपत्रावर नुसता नोटरीचा शिक्का

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातल्या मुलाने पाठवलेले कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला, म्हणजे मुखत्याराला, देणारी पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) घेऊन वडील खरेदीखत नोंदवायला जातात आणि टेबलावरून परत फिरतात. कागदावर नोटरीची सही असते, सोनेरी शिक्काही असतो. अडते ते त्याच्या अलीकडे नाहीतर पलीकडे.

नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे भारतात राहणाऱ्याने असे पत्र दुय्यम निबंधकासमोर सही करून प्रमाणित करून घ्यायचे असते. तेही मिळकत जिथे आहे तिथल्या नव्हे, तर लिहून देणारा जिथे राहतो तिथल्या. कोर्टाबाहेरच्या नोटरीचा शिक्का इथे उपयोगाचा नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी गृहभेटीची सोय आहे. परदेशस्थाला मात्र तिथला नोटरी किंवा भारतीय वकिलात, दोन्ही चालतात.

नोटरी निवडल्यास त्यावर अपोस्टिल, म्हणजे नोटरीची सही-शिक्का खरा असल्याचे तिथल्या सरकारचे प्रमाणपत्र, घ्यावे. अपोस्टिल मानणाऱ्या देशांच्या हेग करारात भारत २००५ पासून आहे, कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून. अमेरिकेत अपोस्टिल देते नोटरी ज्या राज्याचा आहे त्या राज्याचे सरकार, वॉशिंग्टन नव्हे. करारात नसलेल्या देशातून सरळ वकिलात गाठावी. नोटरीच्या मजकुरात ‘ही व्यक्ती माझ्यासमोर आली, पासपोर्टवरून ओळख पटली, माझ्यासमक्ष सही केली’ एवढे हवेच. ‘खरी प्रत’ असा शिक्का मारून आणलेले पत्र बाद समजा. व्हिडिओ कॉलवरची नोटरी अमेरिकेत अनेक राज्यांना मान्य आहे. तरी इथे वाद ओढवून घेण्यापेक्षा समक्ष गेलेले बरे.

मसुद्यात ‘सर्व अधिकार दिले’ लिहून भागत नाही. विकणे, दस्तावर सही करणे, निबंधकासमोर कबुली देणे, मोबदला स्वीकारणे हे वेगवेगळे लिहावे. सिटीएस (नगर भूमापन) किंवा गट क्रमांक, सदनिका क्रमांक, क्षेत्रफळही हवे. लग्नाआधीच्या नावाने घेतलेला फ्लॅट आणि सासरच्या नावाचा पासपोर्ट असेल तर दोन्ही नावे ‘उर्फ’ लावून घालावीत. हे राहिले तर सगळा खटाटोप पुन्हा.

मूळ प्रतच कुरिअरने मागवा, स्कॅन चालत नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे पत्र राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे नेऊन त्यावर शुल्क भरावे लागते. मुदत सहीच्या तारखेपासून नव्हे, पोहोचल्यापासून मोजतात. म्हणून कुरिअरचे पाकीट जपून ठेवावे. आईवडील, भाऊ, बहीण, पती, पत्नी, मुलगी अशा जवळच्या नातलगाला विनामोबदला विक्रीचा अधिकार दिल्यास शुल्क ५०० रुपये. तोच अधिकार मित्राला किंवा एजंटला दिला की खरेदीखताइतके, म्हणजे बाजारमूल्यावर. भिडेखातर मित्राचे नाव घालण्याआधी हा हिशेब करावा. परदेशस्थ स्वतः खरेदीखतावर सही करणार असेल, तर मुखत्याराला नुसता कबुलीपुरता अधिकार देऊन हा भार टळतो.

नोंदणीच्या दिवशी ‘लिहून देणारी व्यक्ती हयात आहे, पत्र रद्द केलेले नाही’ असे मुखत्याराचे घोषणापत्र जोडावे लागते. सकाळी परदेशात फोन करूनच त्यावर सही करावी.

यातले बरेचसे मुद्रांक विभागाला एका फलकावर मराठीत लिहिता येईल. तो दुय्यम निबंधक कार्यालयाच्या दाराशी लावावा, आत टेबलामागे नको.

आपला,
एक दस्तलेखक, ठाणे